पांढऱ्या चिठ्ठ्यांचे तीन पक्षी

जनू, तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला उठून बाहेर जावंसं वाटलं. केळुसकर मास्तर शांत होते. केळुसकर मास्तरांनी कधी आवाज चढवला नाही. केळुसकर मास्तरांचा कुणाशी वाद नव्हता. एकेकजण उठून हेच सांगत होता आणि खाली बसलेले माना डोलवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो, टेबलावरच्या तुझ्या फोटोकडे बघितलं आणि मला काही बोलायचं नाही म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, ड्रॉइंग मास्तरांना गहिवरून आलं. गहिवर कसला, मला राग आला होता. तुझ्या त्या शांतपणाचाच मला राग आहे. तो चारचौघांत काढण्यासारखा नव्हता, म्हणून आज महिना झाल्यावर लिहायला बसलो आहे.

कुणाशी वाद नव्हता म्हणे. मग माझ्याशी काय होतं? एका आळीत वाढलो, एका वर्गात बसलो, एकाच शाळेत तू सायन्स शिकवायला लागलास आणि मी ड्रॉइंग. या सगळ्या वर्षांत आपलं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं मला आठवत नाही. बांगडा तळावा की त्याचं तिखलं करावं इथपासून सुरुवात. पण तुझी वाद घालायची रीत अशी की समोरचा भिंतीशी बोलतोय असं वाटावं. मी तासभर तावातावाने बोलायचं आणि तू शेवटी म्हणायचंस, "बरा." त्या तुझ्या 'बरा'चा अर्थ पटलं असा कधीच नसे.

आणि ते कपाट. शाळेच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या पाठीमागे, कुण्या गोऱ्या जंगल अधिकाऱ्याने देश सोडताना शाळेला देऊन टाकलेलं सागवानी कपाट. आत बारा खण, आणि खणाखणांत कापूस भरलेले पक्षी, पाठीवर निजवलेले, पाय बांधलेले, पायाला चिठ्ठी. तू हात लावेपर्यंत ते कुणी उघडलंही नव्हतं. मुलं त्याला भुताचं कपाट म्हणत. तू डांबरगोळ्या आणल्यास, खण पुसलेस, कसर लागलेले पक्षी वेगळे केलेस, आणि रोज शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायला लागलास. घरी परतल्यावर वहिनी तुला राखेने तीनदा हात धुवायला लावायची आणि तरीही तुझ्या हातचं पाणी प्यायची नाही, कारण त्या पक्ष्यांना आतून सोमलाचं विष चोळलेलं असतं हे तूच तिला मोठ्या कौतुकाने सांगून ठेवलं होतंस.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मेच्या सुट्टीत मी गणपतीच्या शाळेत मूर्तींची माती मळत होतो आणि तू धापा टाकत आलास. धावताना मी तुला त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"भाई, चल. माका तुजे डोळे व्हये."

मी चिखलाच्या हातांनीच आलो. तू उत्तरेच्या खिडकीशी एक खण ठेवला होतास. चिमणीएवढे, राखी छातीचे माशीमार, दहा-बारा असतील. घाटातल्या रानात ढिगाने मिळणारा साधा पक्षी. त्यातले तीन तू बाजूला काढलेस आणि विचारलंस, "रंग सांग." मी बघितलं. बाकीच्यांची छाती राखी होती, या तिघांची पिकल्या सुपारीसारखी. तो रंग पोटाशी येऊन एकदम थांबत होता, जणू कुणी बोटाने रेघ ओढली असावी. मी म्हटलं, हे दुसरे आहेत, हे काय विचारणं झालं? तू म्हणालास, "चोच लांब आसा. पंख तोकडो आसा. मी धा वेळा मापलंय. भाई, ह्यो त्यातलो न्हय." मालवणातल्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत असा पक्षी पडून होता की ज्याला जगात कुणी नाव दिलेलं नव्हतं. दुसऱ्याच पक्ष्याचं नाव लावून कुणीतरी त्याला खणात ढकललं होतं आणि तो तिथे पन्नास वर्षं निजला होता. मला अजून त्या दुपारी तुझी जीभ सारखी ओठांवरून फिरत होती ते दिसतं. तेवढ्यासाठी मी तुझा ऋणी आहे. पुढच्या सगळ्यासाठी नाही.

पुढे काय करायचं ते सरळ होतं. तू वर्णन लिहायचंस, मी चित्र काढायचं, आणि मुंबईच्या मोठ्या संग्रहालयाला कळवायचं. पण तुला ते तीन पक्षी पुरेसे वाटेनात. त्यांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'घाट' लिहिलेलं होतं. गाव नाही, उंची नाही, डोळ्यांचा रंग नाही. तुझं म्हणणं, नव्या जातीचा जो मूळ नमुना ठरवायचा, ज्याच्यावरून पुढे जगाने ती जात ओळखायची, त्याची चिठ्ठी भरलेली असली पाहिजे. मी म्हटलं, पक्षी बघतील की चिठ्ठी वाचतील? तू म्हणालास, "बरा." आणि पावसाळा सुरू झाल्यावर रजा टाकून एस.टी.ने आंबोलीला गेलास. मलाही ओढून नेलंस.

आंबोलीच्या पावसाबद्दल मी काही बोलत नाही. उशीसुद्धा पिळावी लागत होती. आपण सोमा गावड्याकडे उतरलो. तो तुला रानात घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी झऱ्याकाठी जाळं लावलं आणि जाळ्यात दोन पक्षी आले. अगदी तेच. सुपारीच्या छातीचे. तू सोम्याला विचारलंस, ह्याला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, "ह्येका नाव नाय, मास्तरांनू. खावक उपयोग नाय, मगे नाव कित्याक?" हे ऐकून मी हसलो आणि तू वहीत लिहून घेतलंस.

त्याच्या पडवीत बसून तू दोन्ही पक्षी सोललेस, सोमल चोळलास, कापूस भरलास, चिठ्ठ्या लिहिल्यास. इतक्या भरलेल्या चिठ्ठ्या मी कधी बघितल्या नाहीत, मागचीसुद्धा बाजू कोरी नव्हती. ते सुकायला म्हणून तू पडवीच्या फळीवर ठेवलेस आणि आपण पुन्हा रानात गेलो. संध्याकाळी परतलो तर फळी रिकामी. सोम्याची बायको पार्वती पदराला हात पुसत बाहेर आली.

"मास्तरांनू, पावसात कुसतली म्हणान चुलीर टांगलंय. आता बघा, कशी कडक झाली."

चुलीवरच्या बांबूच्या ताटीला, सुक्या बांगड्यांच्या शेजारी, दोन्ही पक्षी उलटे लोंबत होते. पाठ, पोट, पंख, सगळ्यावर धुराचा एकच तपकिरी हात फिरला होता. पायाच्या चिठ्ठ्यासुद्धा चहात बुडवून काढल्यासारख्या झाल्या होत्या. माझ्या तोंडात शिवी आली होती. तू त्या बाईला म्हणालास, बरं केलंस गो, नाहीतर कुजलेच असते. बाहेर आल्यावर मी तुझ्यावर धावून गेलो तर म्हणालास, "तिका काय बोलतलंय? तिना बरा करूक म्हणान केल्यान." पावसाळ्यात जी वस्तू टिकवायची ती चुलीवर टांगायची, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक. आपल्याच घरात आमसुलं कुठे टांगतात? तुलाही ते माहीत होतं, आणि पडवीच्या फळीवर पक्षी ठेवताना तू ते विसरलास. ती चूक तुझी होती, तिची नव्हे, हे मलाही मान्य आहे.

पण त्यानंतर जे केलंस ते मला मान्य नव्हतं, आजही नाही. तू मूळ नमुना म्हणून त्या धुरकटलेल्या दोघांतलाच एक निवडलास, कारण त्याची चिठ्ठी भरलेली होती. मी डोकं आपटलं. म्हटलं, मी वयाच्या दहाव्या वर्षापासून गणपती रंगवतो, मला रंगातलं कळतं, जो बघेल तो आधी रंग बघेल. तू म्हणालास, "रंग आज आसा, उद्या नाय. माप खंय जाता?" हा आपला सगळ्यात जुना वाद. तुझा विश्वास कंपासपेटीतल्या डिव्हायडरवर आणि माझा डोळ्यांवर. मी चित्र मात्र त्या जुन्या तिघांवरून काढलं. चांगलं उतरलं होतं. ते बघून तू चक्क म्हणालास की माप बरोबर आहे, आणि तुझ्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

नावावरूनही भांडलो ते आठवतं? मला छातीच्या रंगाचं नाव हवं होतं आणि तुला आंबोलीचं. ते भांडण तसंच राहिलं.

मग मुंबईचे डॉक्टर आले. पक्षीशास्त्रातले मोठे गृहस्थ. तुझं पत्र मिळाल्यावर गोव्याच्या हद्दीकडे कुठे जाताना वाट वाकडी करून मालवणला आले, हा त्यांचा चांगुलपणा. हेडमास्तरांनी कपाटाच्या खोलीतच खुर्च्या मांडल्या, संस्थेचे चार लोक बोलावले, शहाळी फोडली. सभा सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात डॉक्टरांनी माझं चित्र हातात घेतलं, उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाले, "तुमचा हात फार चांगला आहे. मी पक्ष्यांवर पुस्तक करतो आहे. त्याची चित्रं काढाल?" तू माझ्याशेजारीच उभा होतास, हातांत मापांचा कागद धरून. मी हो म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. वीस वर्षं मुलांकडून पेरू आणि तांब्याची चित्रं काढून घेणाऱ्या माणसाला कुणी असं विचारलं तर त्याचं काय होत असेल ते तुला ठाऊक होतं.

आत गेल्यावर तू मूळ नमुना त्यांच्यापुढे ठेवलास. त्यांनी तो उचलला, छातीकडे बघितलं, मग नाकाशी नेला. आणि हसले. "मास्तर, हा पक्षी नवीन नाही. हा भाजलेला आहे." सगळी खोली हसली. हेडमास्तर तर शहाळं सांडेपर्यंत हसले. तू म्हणालास, "आंबोलीला चुलीवर सुकला. माझ्या हातून झालं." मापांचा कागद तू पुढे केलास, तर त्यांनी तो वरवर बघितला आणि विचारलं, माप कशाने घेतलं? तू म्हणालास, डिव्हायडरने. पुन्हा हसू. तो मनुष्य दुष्ट नव्हता, दिवसभराच्या प्रवासाने दमला होता आणि चार माणसांपुढे विनोद झाला याचा त्याला आनंद झाला होता, इतकंच.

आणि जनू, त्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, कपाटाचा तो खण उघडा होता. त्यात ते तीन जुने पक्षी होते. मी बसल्या जागेवरून बघत होतो, आणि मला एकदम दिसलं. त्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या होत्या. जुनाट झाल्या होत्या, कोपरे दुमडले होते, पण पांढऱ्या. बांधलेला दोराही पांढरा. छाती सुपारीची, पोट स्वच्छ, दोरा पांढरा, चिठ्ठी पांढरी. धूर काय चिठ्ठी वाचून लागतो? पक्ष्याची छाती तेवढी रंगवतो आणि पायाची चिठ्ठी सोडून देतो? एवढं एक वाक्य बोललं की सगळं मिटत होतं. मी पुढे वाकलो. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास, चांगला दाबून, आणि पुटपुटलास, "गप रव."

मी गप्प राहिलो. तू गप्प बसवलंस म्हणून मी गप्प बसलो, असं मी लोकांना आणि स्वतःला नऊ वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं. तुझा हात मी झटकू शकलो असतो. तुझं ऐकायची मला सवय तरी कधी होती? पण व्हरांड्यातलं ते बोलणं होऊन अर्धा तासही झाला नव्हता, आणि तुझा हात गुडघ्यावर पडला तेव्हा मला बरं वाटलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

डॉक्टर गेल्यावर मी तुला खणापाशी नेऊन चिठ्ठ्या दाखवल्या. तू चष्मा कपाळावर चढवून बघितल्यास, आणि तुला आधीच माहीत होतं की तेव्हा कळलं, हे तुझ्या तोंडावरून मला समजलं नाही. म्हटलं, आज लिही, उद्या टपालात टाक. तू म्हणालास, लिहितो. मग पुढच्या वर्षी. मग पुस्तकाचं काम होऊ दे तुझं, घाई कसली? मी दर दिवाळीला विचारायचो, तू दर दिवाळीला "बरा" म्हणायचास. दरम्यान मी डॉक्टरांच्या पुस्तकासाठी चित्रांमागून चित्रं काढली. घारी, खंड्या, धनेश, सगळे काढले. तुझा पक्षी नाही काढला, कारण तो पुस्तकात नव्हताच. पुस्तक छापून आलं तेव्हा तूच ते वर्गावर्गांत घेऊन फिरलास आणि पहिल्या पानावरचं माझं नाव मुलांना दाखवलंस. मी स्टाफरूममध्ये तोंड लपवून बसलो होतो. तुला वाटलं असेल, लाजतोय.

हळूहळू आपण पक्ष्यांबद्दल बोलणंच टाकून दिलं. बाकी सगळं बोलायचो. नवीन इन्स्पेक्टर, बोटीची वेळ, तुझा गुडघा. दोन म्हाताऱ्यांनी मधल्या खड्ड्याला वळसा घालून चालावं तसं.

आणि मग तुळशीच्या लग्नाचा दिवस. तुझ्या अंगणात ऊस बांधलेला, वहिनी चिंचा-आवळे मांडत होती, आपण ओट्यावर पोहे खात होतो. मला त्याच दिवशी कळलं होतं की परदेशातून कुणी दोघं सह्याद्रीतले पक्षी गोळा करायला यायचे आहेत. म्हटलं, आता तुझा पक्षी ते नेतील, नाव देतील, आणि आपण कपाटाला डांबरगोळ्या घालत बसू. तू पोहे चिवडत राहिलास. मग माझा तोल गेला. वहिनी ऐकते आहे, अंगणात आळीतल्या बायका आहेत, कशाचंही भान राहिलं नाही.

"तू भित्रो आसस, जनू. त्या दिवशी भिलंस आणि आजव भितंस."

तू बशीतलं खोबरं बोटाने गोळा करत म्हणालास, "व्हय रे, आसंय. पोहे खा."

आठव्या दिवशी तू गेलास. त्या आठ दिवसांत मी तुझ्याकडे फिरकलो नाही, आणि शाळेत दिसलास तेव्हा मान वळवली. मी तुला सांगितलेली शेवटची गोष्ट ही: तू भित्रा आहेस.

तुझ्या तेराव्याला पानं उठल्यावर वहिनीने मला माजघरात बोलावलं. तिच्या हातात लाल फितीने बांधलेले कागद होते. तुझं ते इंग्रजी वर्णन, स्वच्छ लिहिलेलं, पुरं झालेलं. मूळ नमुनाही बदललेला. जुन्या तिघांतला एक घेतला होतास, आणि पांढऱ्या चिठ्ठ्यांवर सबंध परिच्छेद होता, त्यात लिहिलं होतंस की ही गोष्ट माझ्या चित्रकार मित्राच्या नजरेला आली. म्हणजे शेवटी तू रंग मानलास, आणि मला सांगितलं नाहीस. शाई जुनी होती. कागद कडांना पिवळे पडले होते.

मी विचारलं, हे पाठवलं का नाही? वहिनीने आधी माजघराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "भाईनू, त्या दिवशी तुमी ह्येंका भित्रो म्हणालात, ता माका खूब लागला. म्हणान सांगतंय. ते डॉक्टर इल्ले ना, त्या दिवशी हे घराक येवन म्हणाले, भाईक जन्मात पयल्यांदा मनासारख्या काम गावला हा. आता मी त्या माणसाशी भांडाक गेलंय तर तो भाईचा काम काढून घेतलो. पक्षी मेलेलो आसा, तो खंय उडान जाता? ऱ्हवांदे."

जनू, मी तुझं काय वाईट केलं होतं?

तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? मी मागितले होते? आणि करायचेच होते तर निदान मला कळू द्यायचे होतेस. मी तुला नऊ वर्षं मनात भित्रा म्हणत आलो आणि शेवटी तोंडावर म्हटलं, तेव्हा तरी सांगायचं होतंस की गाढवा, हे तुझ्यासाठी आहे. नाही. पोहे खा म्हणालास. माझ्या पुस्तकातली प्रत्येक घार, प्रत्येक धनेश तुझ्या पक्ष्याच्या जिवावर उभा आहे हे मला तुझ्या तेराव्याला कळावं, हे तू कसं ठरवलंस? ज्या माणसाला चुलीवरच्या धुराबद्दल सोम्याच्या बायकोला दोन शब्द बोलवले नाहीत, त्याने माझ्याशी इतकं निष्ठुर का वागावं? त्या रात्री मी तुझ्या नावाने मोठमोठ्याने ओरडलो असं घरची म्हणते. असेन ओरडलो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, खण उघडला, तिन्ही पक्षी कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. कुणाला विचारलं नाही. तुझे कागद घेतले आणि मुंबईच्या बोटीत बसलो. होडीतून बोटीवर चढताना खलाशाने डबा मागितला तर मी त्याच्यावर खेकसलो.

डॉक्टर आता थकले आहेत. भिंगाशिवाय दिसत नाही. मी ठरवून गेलो होतो की आधी भांडायचं, पुस्तकाचा दुसरा भाग तुमचा तुम्ही बघा म्हणायचं आणि मग डबा उघडायचा. पण त्यांनी तू गेल्याचं ऐकलं आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले, त्यामुळे माझं भाषण राहून गेलं. मी डबा उघडला. म्हटलं, चिठ्ठ्या बघा.

त्यांनी एकेक पक्षी भिंगाखाली घेतला. चिठ्ठी उलटली, दोरा बघितला, वास घेतला. मग आपल्या खणातले साधे माशीमार मागवून शेजारी मांडले. पोलादी कॅलिपर घेऊन स्वतः मापं घेतली आणि प्रत्येक माप तुझ्या कागदाशी ताडून बघितलं. मी समोर बसून होतो. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मास्तरांचं माप बरोबर आहे," ते म्हणाले. "हा नवा पक्षी आहे. पण हे त्या दिवशी माझ्यापुढे का नाही ठेवलं? मी हसलो होतो, आठवतं मला. हसलो म्हणून काय झालं? खण उघडून माझ्या नाकाखाली धरायचा होता. मी काय दोनदा चुकलो नसेन आयुष्यात?"

मी म्हटलं, डॉक्टर, त्या दिवशी मास्तर तुमच्याशी भांडले असते तर माझं काम गेलं असतं का?

"कसलं काम?"

"चित्रांचं."

त्यांना खरोखर प्रश्न कळला नव्हता. "त्याचा याच्याशी काय संबंध?" ते म्हणाले.

ऐकलंस, जनू? काही संबंध नव्हता. तू ज्या माणसाची नऊ वर्षं भीती घेऊन बसलास तो असा माणूसच नव्हता. विचारलं असतंस तर अर्ध्या तासात कळलं असतं. मला विचारलं असतंस, त्यांना विचारलं असतंस, निदान एक कार्ड टाकलं असतंस. पण तू कुणाला काही विचारणारा नव्हेस. तुझं तूच ठरवलंस, तुझं तूच सोसलंस, आणि त्यातल्या कशाचीही गरज नव्हती. तुझा लेख आता छापून येईल, तुझ्याच नावाने. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. नाव आंबोलीचंच राहील, मी बदललेलं नाही. तू हयात असतास तर डॉक्टरांच्या त्या खोलीत माझ्याऐवजी तू बसला असतास आणि मी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या असत्या. ते होऊ शकत होतं. कुठल्याही वर्षी होऊ शकत होतं.

परवा बोटीतून उतरलो तो तडक तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, पक्षी मान्य झाला, नव्या जातीचा ठरला, लेखाला तुझं नाव लागणार. तिने सूप खाली ठेवलं. डोळे पुसले. मग विचारलं, "डॉक्टर रागावले नाय मां?"

रस्ताभर ठरवून आलो होतो की हिला सगळं खरं सांगायचं. तिने तुझ्याबरोबर नऊ वर्षं ते सोसलं होतं. ती कुणाला बोलली नाही, तुळशीच्या लग्नात मी तुला नाही नाही ते बोललो तेव्हाही बोलली नाही. तिला खरं कळायचा हक्क होता, आणि तुझ्या या गप्प बसण्याच्या खेळात मला पुन्हा सामील व्हायचं नव्हतं.

"रागावले तर," मी म्हटलं. "खूब रागावले. जनून त्या दिवशी तोंड उघडल्यान असता तर माजा काम थंयच गेला असता, असा तोंडार म्हणाले."

वहिनीने मान हलवली. तिचा चेहरा इतका निवांत झालेला मी तू गेल्यापासून बघितला नव्हता. "बघा," ती म्हणाली, "हे म्हणत होते ता खोटा नव्हता." आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

आता तिला खरं कधीच सांगता येणार नाही. जनू, तुझ्यावरचा हा राग आता मला एकट्यालाच बाळगावा लागणार आहे.